नेटमध्ये खणखणीत, सामन्यात झटपट बाद: दर मोसमात परतणाऱ्या दुखण्याची क्रमवार तपासणी

लक्षणे

शनिवारी संध्याकाळी सरावात तुमच्या बॅटचा आवाज मैदानाच्या पलीकडच्या टोकापर्यंत ऐकू जातो आणि रविवारी सकाळी सामन्यात, तिसरे षटक संपण्याआधीच, तुम्ही झाडाखाली पॅड सोडत बसलेले असता. असे मोसमात दोनतीनदा झाले तर तो खेळाचाच भाग समजावा. डॉन ब्रॅडमन यांच्या ८० कसोटी डावांतही ७ शून्ये आहेत. मात्र लागोपाठच्या दहा डावांपैकी सातआठ डाव पहिल्या पंधरा चेंडूंच्या आत संपत असतील, तर तो दोष आहे आणि शोधला तर सापडतो. तीन रविवार वाईट गेले एवढ्यावरून पुढील तपासण्या हाती घेऊ नयेत, कारण नसलेला दोष शोधताना असलेला खेळ बिघडतो.

दोष खरा असेल तर त्याच्याबरोबर आणखी काही खुणा दिसतात. पहिले चारपाच चेंडू नेहमीपेक्षा वेगाने आल्यासारखे वाटतात आणि बॅट थोडी उशिरा खाली येते. बाद होण्याच्या पद्धतीही दोनतीनच असतात, म्हणजे यष्टिरक्षकाकडे किंवा कव्हरकडे झेल, नाहीतर पायचीत. परत आल्यावर चेंडू नेमका कसा होता असे कोणी विचारले, तर ‘आत आला असावा’, ‘थांबला असावा’ अशी उत्तरे येतात; ज्याने चेंडू पाहिलेला असतो तो ‘असावा’ म्हणत नाही. खालच्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात फोड आलेला असतो. आणि सर्वांत चकवणारी खूण अशी की टेनिस बॉलच्या स्पर्धेत हाच खेळाडू सहज धावा करतो, त्यामुळे सगळे मिळून निष्कर्ष काढतात की याचे मन कच्चे आहे.

मी गोव्यातील फोंडा आणि डिचोली भागात बावीस वर्षे रविवारचे क्रिकेट खेळलो. हा दोष मी स्वतःमध्ये दोनदा आणि कॉलेजच्या मुलांपासून पन्नाशीच्या बँक कर्मचाऱ्यांपर्यंत अनेक सहकाऱ्यांमध्ये दुरुस्त केला आहे. ‘मन खंबीर कर’ हा सल्ला सर्वप्रथम मिळतो, कारण तो द्यायला काही लागत नाही. या तपासणीत मनाचा क्रम मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे, कारण माझ्या अनुभवात मनापर्यंत पोहोचण्याआधीच बहुतेकांचे दुखणे सापडलेले असते. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाई यांनी १९७१ साली वेस्ट इंडीजमधील किंग्स्टनच्या कसोटीत भारताची अवस्था ५ बाद ७५ असताना उभे राहून २१२ धावा केल्या आणि त्या मालिकेत एकूण ६४२ धावा जमवल्या, ही हकीकत आमच्याकडे प्रत्येक नव्या मुलाला ऐकवली जाते. सांगणारे जिगरीच्या कौतुकावर थांबतात, पण २१२ धावा करणाऱ्याला आधी चेंडू दिसलेला असतो आणि त्याची बॅट वेळेवर खाली आलेली असते.

पहिली तपासणी: वही

शाळेची एक जुनी वही घ्या आणि प्रत्येक डावानंतर, घरी जाण्याआधी, सहा गोष्टी लिहा: किती चेंडू खेळलात, कसे बाद झालात, गोलंदाज कोणत्या प्रकारचा होता, चेंडूचा टप्पा कुठे पडला, कोणता फटका खेळायचा विचार होता आणि खेळपट्टी काथ्याच्या मॅटिंगची होती की मातीची. टप्प्याबद्दल स्वतःच्या आठवणीवर विसंबू नका. समोर उभ्या असलेल्या फलंदाजाला विचारा, त्याने तो तुमच्यापेक्षा नीट पाहिलेला असतो.

ही तपासणी सर्वांत आधी करण्याचे कारण असे की बाद झालेल्या माणसाची स्मृती फार सोयीस्कर असते. आमच्या संघातील एक सलामीवीर दोन मोसम सांगत होता की त्याला आत येणारा चेंडू खेळता येत नाही आणि त्यासाठी तो पवित्रा बदलत होता. वहीत नऊ डावांची नोंद झाली तेव्हा दिसले की सहा वेळा तो पहिल्या दहा चेंडूंत बाहेरच्या चेंडूवर ड्राइव्ह मारताना झेल देऊन परतला होता आणि आत येणाऱ्या चेंडूवर एकदाच पायचीत झाला होता. ते एक पायचीत त्याला टोचले होते, कारण निर्णय वादग्रस्त होता. सहा झेल मात्र तो विसरला होता. त्याने पहिले पंधरा चेंडू तो फटका कपाटात ठेवला आणि प्रश्न बराचसा तिथेच मिटला. सचिन तेंडुलकर यांनी जानेवारी २००४ मध्ये सिडनीला नाबाद २४१ धावा करताना कव्हर ड्राइव्ह जवळजवळ पूर्ण बाजूला ठेवला होता, तेव्हा हौशी खेळाडूने एखादा फटका थोडा वेळ न खेळण्यात कमीपणा मानू नये.

निदान आठ डावांची नोंद होईपर्यंत इतर काहीही बदलू नका. वहीत एकच प्रकार चार किंवा अधिक वेळा आला, तर त्याच्याशी संबंधित तपासणी आधी करा. सगळे विखुरलेले असेल तर पुढील क्रमाने जा.

दुसरी तपासणी: आदली रात्र आणि सकाळचा पहिला तास

आपला मोसम आणि जत्रांचा मोसम एकच. कार्तिकापासून शिगम्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या देवळात जत्रा असते, जत्रेत नाटक असते आणि संघातील दोघेतिघे त्या नाटकात तरी असतात किंवा पहाटेपर्यंत प्रेक्षकांत तरी. पहाटे चारला झोपून नऊ वाजता नवा चेंडू खेळणाऱ्या माणसाच्या तंत्राची चर्चा करणे व्यर्थ आहे. अशा दिवशी कर्णधाराला स्पष्ट सांगून खालच्या क्रमांकावर खेळावे. नाटकही आपलेच आहे, त्यात लाज कसली.

बाकीचे थोडक्यात. नाश्ता खेळण्याच्या दीडदोन तास आधी व्हावा, मैदानाबाहेरच्या गाड्यावर उभ्याने भाजीपाव आणि मिरची भजी खाऊन लगेच नव्हे. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंगातले पाणी किती गेले हे कळत नाही, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता लिंबू, मीठ आणि साखर घातलेले पाणी सकाळपासून थोडे थोडे प्यावे. नाणेफेकीच्या वेळी गाडीतून उतरणाऱ्या फलंदाजाचे पहिले दहा चेंडू हाच त्याचा सराव असतो, तेव्हा पाऊण तास आधी पोहोचावे.

तिसरी तपासणी: डोळे

ही तपासणी सर्वजण टाळतात, आणि मीही दोन मोसम टाळली. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो, वर्तमानपत्र व्यवस्थित वाचत होतो, रात्री स्कूटर चालवत होतो आणि त्यामुळे माझे डोळे ठणठणीत आहेत अशी माझी खात्री होती. त्या दोन मोसमांत मी नवी बॅट घेतली, पवित्रा बदलला, मग जुन्या पवित्र्यावर परत आलो. शेवटी वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी तपासणी झाली आणि कळले की डाव्या डोळ्याला सव्वा नंबर आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचा डावा डोळाच गोलंदाजाकडे पुढे असतो. नव्या बॅटच्या किमतीत चारपाच चष्मे आले असते.

घरच्या घरी करायची चाचणी सोपी आहे. खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर लांब असते. सहकाऱ्याला पलीकडच्या यष्ट्यांपाशी नवा, शिवण स्पष्ट दिसणारा चेंडू घेऊन उभे करा. त्याने शिवण कधी उभी, कधी आडवी धरावी आणि तुम्ही एक डोळा तळहाताने झाकून ती कशी आहे ते सांगावे. दहा वेळा एका डोळ्याने, दहा वेळा दुसऱ्याने. किती उत्तरे बरोबर आली यापेक्षा दोन डोळ्यांत फरक किती आहे याला महत्त्व आहे. फरक जाणवला तर नेत्रतज्ज्ञाकडे जा, आणि तिथे वाचण्याची नव्हे तर लांबची नजर तपासायची आहे असे आवर्जून सांगा.

हे इतके महत्त्वाचे का, याचे गणित करून पाहावे. ताशी ११० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटून फलंदाजापर्यंत येण्यास सुमारे सहा दशांश सेकंद लागतात, आणि डोळ्यांनी पाहून शरीराने हालचाल सुरू करण्यातच त्यातील सुमारे दोन दशांश जातात. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फलंदाजांच्या नजरेची नोंद केली होती. चेंडू सुटताना नजर त्याच्यावर असते, मग ती चेंडूच्या पुढे उडी मारून टप्पा जिथे पडणार तिथे जाऊन थांबते, आणि चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर होते, असे त्यात दिसले. म्हणजे सुरुवातीचा जो अंदाज येतो त्यावर पुढचे सगळे उभे असते, आणि हातातून सुटणारा चेंडूच धूसर दिसत असेल तर तुम्ही आयुष्यभर ‘थोडे उशिरा’ राहता.

आणखी दोन बाबी तपासाव्यात. आपल्या बहुतेक गावच्या मैदानांवर साइटस्क्रीन, म्हणजे चेंडू उठून दिसावा म्हणून गोलंदाजाच्या मागे लावलेला पडदा, नसते आणि गोलंदाजाच्या मागे काजू, आंबा किंवा माडांची गर्द रांग असते, ज्यात जुना लाल चेंडू विरून जातो. फलंदाजीला जाण्याआधी यष्टींच्या रेषेत मागे उभे राहून दोनतीन षटके चेंडू नजरेने टिपावा. दुसरे म्हणजे काही पुरुषांना लाल आणि हिरव्या रंगातला फरक जन्मतः कमी जाणवतो आणि त्यांना स्वतःला ते ठाऊक नसते. हिरवळीवर पडलेला लाल चेंडू इतरांना दिसतो आणि तुम्हाला शोधावा लागतो असे वारंवार होत असेल, तर नेत्रतज्ज्ञाला तेही सांगा. चष्मा लावून खेळायचे असल्यास काच नको, न फुटणारी पॉलिकार्बोनेटची भिंगे घ्यावीत.

चौथी तपासणी: बॅट

बहुतेक हौशी फलंदाज त्यांच्या ताकदीपेक्षा जड बॅट वापरतात, कारण दुकानात बॅट दोन्ही हातांनी उचलून पाहिली जाते आणि जड बॅट हातात भारदस्त वाटते. साधारण २ पौंड ८ औंस, म्हणजे सुमारे ११३० ग्रॅमची बॅट आणि २ पौंड १२ औंस, म्हणजे सुमारे १२५० ग्रॅमची बॅट यांत फरक केवळ शंभर-सव्वाशे ग्रॅमचा दिसतो, पण तो घाईच्या वेळी खालच्या हातावर येतो. अंगठ्याच्या बेचक्यातला फोड हीच गोष्ट सांगत असतो: वरच्या हाताने बॅट पेलत नाही म्हणून खालचा हात तिला ओढतो, बॅट आडवी होते आणि चेंडू हवेत जातो.

चाचणी अशी. बॅट फक्त वरच्या हाताने धरा आणि चेंडूविना सरळ ड्राइव्हचे पंधरा फटके खेळा. दहाव्या फटक्याच्या आत बॅटचे टोक डुगडुगू लागले किंवा मागे राहू लागले, तर ती बॅट तुमच्यासाठी जड आहे. लगेच नवी विकत घेऊ नका. सहकाऱ्याची हलकी बॅट दोन सरावांसाठी मागून घ्या, फरक पडला तरच खर्च करा. ग्रिप मात्र दर मोसमाला बदला, कारण घामाने गुळगुळीत झालेली ग्रिप माणसाला नकळत मूठ आवळायला लावते आणि आवळलेल्या मुठीतून मनगट फिरत नाही.

गोव्यात आणखी एक भानगड असते. जूनपासून चार महिने बॅट भिंतीला टेकून कोपऱ्यात पडलेली असते, तिच्या टोकाला तेल किंवा रबराचे आवरण नसते आणि ऑक्टोबरमध्ये हातात घेतलेली बॅट ओल पिऊन फुगलेली आणि जड झालेली असते. पावसाळ्याआधी वाण्याच्या तराजूवर तिचे वजन करून वहीत लिहा आणि मोसमाच्या आरंभी पुन्हा करा. ती वाळवण्यासाठी उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, लाकूड तडकते. हवेशीर खोलीत आडवी ठेवा.

पाचवी तपासणी: पायाखालची जमीन

एकाच महिन्यात आपण भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात टेनिस बॉल खेळतो, जांभ्या मातीच्या मैदानावर काथ्याच्या मॅटिंगवर सीझन बॉल, म्हणजे क्रिकेटचा खरा कठीण चेंडू, खेळतो आणि एखाद्या चांगल्या स्पर्धेत मातीच्या खऱ्या खेळपट्टीवर उतरतो. हे तीन वेगळे खेळ आहेत असे मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅम वजनाचा असतो आणि क्रिकेटचा १५५.९ ते १६३ ग्रॅमचा. हलका चेंडू उंच उडतो आणि टप्पा पडल्यावर त्याचा वेग मरतो, म्हणून तिथे पुढचा पाय बाजूला काढून, बॅट आडवी फिरवून भरपूर धावा मिळतात. शनिवारी दुपारभर हे केलेले शरीर रविवारी सकाळी पहिल्या आठदहा चेंडूंना तेच करते, आणि त्यानंतर त्याला आठवते की आज चेंडू वेगळा आहे. लक्षणांत सांगितलेली ती चकवणारी खूण इथून येते. त्याचा मनाच्या कच्चेपणाशी काही संबंध नाही.

यावरचा उपाय फुकट आहे. सामन्याआधी सहकाऱ्याकडून सीझन बॉलचे तीस चेंडू दहाबारा मीटरवरून हाताने टाकून घ्या. सुरुवातीचे वीस चेंडू फक्त सरळ बॅटने जमिनीलगत परत पाठवा, उरलेले दहा सोडायला शिका. ज्यांना शक्य आहे त्यांनी सामन्याच्या आदल्या दिवशी टेनिस बॉल खेळूच नये. पण आपल्याकडे वाड्याच्या संघाला नाही म्हणणे सोपे नसते, हे मला ठाऊक आहे.

मॅटिंग असेल तर ते हाताने दाबून पाहा. ताणून खिळे ठोकलेल्या मॅटवर चेंडू उंच आणि तत्परतेने उसळतो, त्यामुळे मातीवर जो चेंडू पुढे येऊन ड्राइव्ह केला असता तोच इथे बॅटच्या वरच्या भागाला लागून कव्हरच्या हातात जातो. अशा ठिकाणी क्रीजमध्ये थोडे आत उभे राहून मागच्या पायावर खेळण्याची तयारी ठेवावी. सैल मॅटवर चेंडू थांबून येतो. डिसेंबर-जानेवारीत दव पडलेले असेल तर सकाळचा पहिला तास तो सरपटतो. टप्पा पडण्याच्या जागी हाताने चारपाच चेंडू आपटून पाहिले तरी उसळी कमरेपर्यंत येते की गुडघ्यापर्यंत, एवढे कळते. आणि शेतातल्या खेळपट्टीची दिशा कोणी पाहिलेली नसते, त्यामुळे दुपारनंतर गोलंदाजाच्या डोक्यामागे सूर्य येतो. त्या टोकाला पहिले षटक स्वतःकडे न घेण्याइतकी चतुराई असावी.

सहावी तपासणी: मोबाइलवर चित्रण

मोबाइल पंचाच्या मागे, छातीच्या उंचीवर टेकवून ठेवा आणि सामन्यातील पहिले दहा चेंडू टिपून घ्या. सरावातील चित्रण इथे निरुपयोगी आहे, कारण दोष तिथे दिसतच नाही. पाहताना तीनच प्रश्न विचारा. गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटताना तुमचे डोके स्थिर आहे का? दोन्ही डोळे त्याच्याकडे आहेत का, की मान पुरेशी वळलेली नसल्याने नाक उजव्या डोळ्याच्या आड येते? चेंडू सुटण्याआधी बॅट मागे गेलेली आहे, की त्यानंतर घाईने जाते? पाय, कोपर, खांदा यांच्याकडे सध्या पाहूच नका. डोके स्थिर झाले की त्यातले बरेच काही आपोआप जागेवर येते, आणि जे येत नाही ते प्रशिक्षकाचे काम आहे.

सातवी तपासणी: खुद्द सराव

इथवर काही सापडले नसेल, तर आता मेहनत सुरू होते. आपला नेटमधला सराव सामन्यासारखा अजिबात नसतो, आणि माझ्या मते या दुखण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. नेटमध्ये फलंदाजाला सलग चाळीसपन्नास चेंडू मिळतात. पहिल्या दहांत तो तीनदा चकतो, त्याची कोणी नोंद घेत नाही, आणि पुढच्या तीसांत जुळलेली वेळ घेऊन तो खूश होऊन बाहेर येतो. सामन्यात मात्र त्याला केवळ ते पहिले दहा चेंडूच मिळतात. म्हणजे तो आठवडाभर ज्याचा सराव करतो ते सामन्यात कधी येत नाही आणि सामन्यात जे येते त्याचा सराव त्याने कधी केलेला नसतो. त्यात भर म्हणजे नेटमध्ये गोलंदाज सर्रास रेषेच्या पुढून चेंडू टाकतात आणि एकामागून एक पाचजण धावत येतात, त्यामुळे लय वेगळी लागते.

आम्ही जी पद्धत वापरतो ती अशी आहे. प्रत्येक फलंदाज एका वेळी सहाच चेंडू खेळतो आणि बाहेर येतो. पंधरावीस मिनिटे पॅड बांधून बाहेर बसतो, मग पुन्हा सहा चेंडू. असे चार किंवा पाच वेळा. बाद झाला तर उरलेले चेंडू गेले. दोनच गोलंदाज आलटूनपालटून, चुन्याच्या रेषेच्या मागून आणि नवा किंवा नव्यासारखा चेंडू घेऊन टाकतात. नेट उघड्यावर असेल तर कव्हर, मिडऑफ आणि मिडविकेटच्या जागी एकेक चिरा ठेवतो आणि त्या चिऱ्याच्या हातभर अंतरातून हवेत गेलेला फटका झेल धरतो. पहिल्या दोन आठवड्यांत सगळे कुरकुर करतात, कारण एरवी जो पन्नास चेंडूंचा आनंद मिळतो तो मिळत नाही. काहीजण तर येणेच बंद करतात. टिकलेल्यांमध्ये फरक मला साधारण पाचव्यासहाव्या सरावापासून दिसू लागतो: पहिला चेंडू पहिल्यासारखा वाटेनासा होतो.

बाहेर बसण्याचा तो वेळ गाळू नका. सामन्यात चौथ्या क्रमांकाचा फलंदाज तासभर गप्पा मारत, पंचाला चिडवत, सावलीत बसलेला असतो आणि मग एकदम कडक उन्हात, थंड अंगाने मध्यभागी पोहोचतो. नियमानुसार बाद झाल्यापासून तीन मिनिटांत नव्या फलंदाजाने तयार व्हायचे असते, स्पर्धेचे नियम वेगळे असतील तर आणखी कमी वेळात. तेवढ्यात डोळे उजेडाला सरावत नाहीत. आधीचा फलंदाज खेळत असतानाच सावलीतून बाहेर येऊन उभे राहावे आणि पायांची हालचाल चालू ठेवावी.

आठवी तपासणी: मन

आता मनाकडे. हौशी खेळाडूला मोसमात जेमतेम पंधरावीस डाव मिळतात, आठवडाभर तो एकाच डावाची वाट पाहतो, आणि म्हणून प्रत्येक डाव त्याला परीक्षेसारखा वाटतो. शिवाय पंचवीस षटकांच्या सामन्यात सीमारेषेवरून दोन प्रकारचे सल्ले एकाच वेळी येतात: एकजण ‘टिकून खेळ’ म्हणतो, दुसरा ‘रनरेट बघ’ म्हणतो. फलंदाज दोन्ही ऐकतो आणि चेंडू येईपर्यंत कोणता फटका खेळायचा हे ठरवून बसतो. ही आधीच ठरवण्याची सवय मोडणे एवढेच मानसिक काम मी सांगतो. सकारात्मक विचारांच्या भाषणांनी माझ्या पाहण्यात कोणाच्या धावा वाढलेल्या नाहीत.

त्यासाठी दोन चेंडूंमधल्या वेळाला घडी घालावी. चेंडू संपला की खेळपट्टीपासून चारपाच पावले बाजूला जा, स्क्वेअर लेगच्या पंचाच्या दिशेने पाहा, श्वास सावकाश सोडा. मागचा चेंडू कसा होता याचा विचार एवढ्याच वेळात करायचा. क्रीजमध्ये परतल्यावर बॅट एकदा टेकवा, मूठ सैल आहे ना ते बघा आणि गोलंदाज धावू लागल्यावर नजर त्याच्या हाताकडे न्या. मनात शब्द हवाच असेल तर ‘चेंडू’ एवढाच म्हणा. ही घडी सरावातल्या प्रत्येक सहा चेंडूंना घातली नसेल तर सामन्यात आठवणार नाही.

पहिल्या बारा चेंडूंसाठी धावांचे लक्ष्य ठेवू नका. प्रत्येक चेंडूनंतर ‘मी तो सुटताना पाहिला का’ याचे हो किंवा नाही असे उत्तर मनात द्या आणि डावानंतर वहीत लिहा. बारापैकी नऊ वेळा हो आले आणि तरीही बाद झालात, तर तो डाव दोषात धरू नका. कर्णधाराशी एकदा बोलून तुमचा क्रमांक चार सामने तरी कायम ठेवायला सांगा. यात फक्त थोडे धैर्य खर्च होते, आणि सतत वरखाली होणाऱ्या क्रमांकामुळे बिघडलेले खेळाडू मी पुष्कळ पाहिले आहेत.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

डोक्याला किंवा हेल्मेटला चेंडू लागला असेल तर खेळ तिथेच थांबवा, ‘बरे वाटते’ म्हणून पुन्हा उभे राहू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मळमळ, गरगरणे, प्रकाश सहन न होणे किंवा विसरल्यासारखे वाटणे ही लक्षणे काही तासांनीही सुरू होऊ शकतात. धावताना छातीत दुखणे किंवा दडपण येणे याला घाम आणि ऊन कारण आहे असे परस्पर ठरवू नका, विशेषतः चाळिशीनंतर. कमरेचे, खांद्याचे किंवा मनगटाचे दुखणे दोन आठवडे विश्रांती घेऊनही राहिले, तर फिजिओथेरपिस्टकडे जावे. दुखणाऱ्या अंगाने तंत्र सुधारायला गेले की शरीर दुखणे टाळण्याची नवी, चुकीची हालचाल शिकते आणि ती नंतर मोडता मोडत नाही.

सामन्याच्या आदल्या रात्री झोप न लागणे क्वचित होतेच. पण आठवड्यांमागून आठवडे झोप उडणे, उलटी होणे, हात कापणे, किंवा हीच भीती नोकरीत आणि घरातही जाणवू लागणे, हा क्रिकेटचा प्रश्न राहिलेला नसतो. तिथे माझ्यासारख्याचे सल्ले थांबवावेत आणि समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांची भेट घ्यावी.

राहिला प्रशिक्षक. वरील आठही तपासण्या झाल्या, सहा चेंडूंची पद्धत निदान सहा आठवडे चालवली आणि तरीही वहीत तोच प्रकार दिसत असेल, तर दोष बॅकलिफ्टच्या, म्हणजे बॅट मागे उचलण्याच्या, मार्गात किंवा पायांच्या पहिल्या हालचालीत असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तो चित्रफिती पाहून स्वतः दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. मी एकदा पडलो आणि बाहेर जाणाऱ्या चेंडूवरचा दोष घालवताना आत येणाऱ्या चेंडूवरचा नवा दोष लावून घेतला. प्रशिक्षकाकडे जाताना वही आणि सामन्यातील दोन चित्रणे बरोबर न्या, नाहीतर तो तुम्हाला नेटमध्ये पाहील, तुम्ही तिथे सुंदर खेळाल आणि तो म्हणेल की सगळे ठीक आहे. त्याला एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा. आणि मोसम ऐन भरात असताना हे काम काढू नका. पावसाने मैदाने बंद असतात तेव्हा, जूनपासून चवथीपर्यंत, एखाद्या हॉलमध्ये आठवड्यातून दोन दिवस ते करता येते.